चुकून पडलेली गाठ

मराठी माणसाची सुरतेशी ओळख शाळेतच होते, आणि ती काही फारशी सोज्वळ नसते. आधी १६६४ आणि १६७० सालची लूट येते. मग डिसेंबर १९०७ ची काँग्रेस, जहाल आणि मवाळ यांची ताटातूट. त्या अधिवेशनात एक मराठी वळणाचा जोडा व्यासपीठाच्या दिशेने आला, सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागला आणि तिथून उसळून फिरोजशहा मेहतांवर गेला. फेकणाऱ्याने नेम नेमका कोणावर धरला होता, यावर पुढे बरीच वादावादी झाली. एवढ्या गंभीर सभेची आठवण लोकांनी एका चुकलेल्या नेमावरून जपावी, याचं सुरतेतल्या कोणाला फारसं वाईट वाटलं नसावं. हे शहर व्यापाराचं, जरीचं आणि खाण्यापिण्याचं तर आहेच, पण ते थट्टेचंही आहे. १८६४ साली ‘डांडियो’ हे सुधारणेचा दांडा उगारणारं पत्र काढणारा कवी नर्मद इथला. गुजरातीतले सर्वांत लाडके विनोदकार ज्योतीन्द्र दवे इथले. त्यांनी धनसुखलाल मेहतांबरोबर लिहिलेली ‘अमे बधां’ ही कादंबरी १९३६ ची, आणि तिच्यात जुन्या सुरतेचं घरगुती जग हसतखेळत उतरलं आहे.

पुढच्या पानांत जी सुरत येते ती अशी, थट्टेखोर. पण ती येते मुंबईमार्गे, दादरच्या एका स्टुडिओतून.

जयंत देसाई यांचा जन्म १९०९ साली सुरतेत झाला. विशीत ते सिनेमाच्या धंद्यात शिरले आणि १९२९ च्या सुमारास दादरच्या ‘रणजित’ स्टुडिओत चंदुलाल शहांच्या हाताखाली आले. शहा आणि अभिनेत्री गोहर यांनी ती कंपनी नुकतीच उभी केली होती. शहा जामनगरचे, म्हणून नाव जामसाहेब रणजितसिंहजींचं. देसाई बोलपटाकडे वळले तेव्हा तो जेमतेम वर्षाचा होता. १९३२ साली त्यांनी ‘चार चक्रम’, ‘दो बदमाश’ आणि ‘भूतियो महाल’ केले. १९३३ साली ‘कृष्ण सुदामा’, ‘भोला शिकार’ आणि ‘भूल भुलैयां’. एका वर्षात एकच माणूस सुदाम्याचे पोहेही वाटतो आणि प्रेमिकांचा गोंधळही घालतो, यावरून त्या काळच्या कारखान्याचा वेग कळावा. ‘भूल भुलैयां’चं इंग्रजी नाव ‘हँकी पँकी’ असं होतं. दोन्ही नावांतून प्रेक्षकाला एकच आश्वासन मिळत होतं, की इथे कोण कोण आहे हे कोणालाच धड कळणार नाही आणि ते कळेपर्यंत मजा चालेल.

ओळखीच्या घोटाळ्यावरची प्रेमकथा ही बोलपटाने लावलेली टूम नव्हे. बोलपटाला ती तयार मिळाली. प्लॉटसपासून शेक्सपिअरपर्यंत जुळ्यांच्या गोष्टी आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात उतरल्या. ‘कॉमेडी ऑफ एरर्स’वरून ईश्वरचंद्र विद्यासागरांनी १८६९ साली बंगालीत ‘भ्रांतिविलास’ लिहिलं. मराठीत १८७८ साली ‘भ्रांतिकृत चमत्कार’ आलं. पारशी रंगभूमीवर त्याच कथेचा नारायणप्रसाद बेताबांनी ‘गोरखधंधा’ केला, आणि हेच बेताब पुढे ‘रणजित’साठी लिहू लागले. १९३१ चा ‘देवी देवयानी’, म्हणजे कंपनीचा पहिलाच बोलपट, त्यांच्या लेखणीतला. तेव्हा पारशी नाटक आणि दादरचा स्टुडिओ यांच्यामध्ये भिंत अशी नव्हतीच. लेखक तेच, पेटीवाले तेच आणि नटही बऱ्याच अंशी तेच. बदलली होती ती तिकिटाची खिडकी.

मराठी वाचकाला मात्र या साऱ्या वंशावळीपेक्षा एकच नाव पुरेसं आहे. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९३ साली ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिलं आणि त्यालाच पुढे संगीताचा साज चढवून १९१६ साली ‘संगीत संशयकल्लोळ’ रंगमंचावर आलं. मूळ मोलिएरचं, मध्ये आर्थर मर्फी नावाच्या आयरिश नाटककाराचा मुक्काम. पण भादव्या, फाल्गुनराव, कृत्तिका, रेवती आणि अश्विनशेट ही माणसं इतकी इथली झाली की त्यांचा परदेशी पासपोर्ट कोणी मागितला नाही. रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते नेमकं त्याच्या बायकोच्या नजरेस पडतं. रेवतीच्या हातून पडलेली तसबीर त्याच बायकोच्या हाती लागते आणि ती न्याहाळताना नवरा तिला पाहतो. डोळ्यांनी पाहिलेलं सगळं खरं, आणि तरी काढलेला प्रत्येक अर्थ खोटा. देवलांचं हे यंत्र इतकं काटेकोर आहे की त्यातलं एक चाकही काढता येत नाही. बोलपटांतल्या घोटाळ्यांचं रडगाणं असं की त्यांच्यातली निम्मी चाकं सहज काढता येतील, कारण दर पंधरा मिनिटांनी गाणं घालायचं असे.

पण चाकांचा हिशेब बाजूला ठेवू. हा प्रकार आपल्याकडे इतका रुजला का, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं नेहमीचं उत्तर मला पटत नाही. नेहमीचं उत्तर असं की लोकांना हसायला आवडतं आणि गोंधळ हसवतो. ते तर लंडनलाही खरं आहे. लंडनला मात्र दोन माणसांची अदलाबदल घडवायची तर जहाज फुटावं लागतं, जुळी भावंडं दोन बंदरांना लागावी लागतात. आपल्याकडे त्याची काहीच गरज नव्हती. १९३० च्या सुमाराला मुंबई इलाख्यातल्या मध्यमवर्गीय घरांत कितीतरी लग्नं अशी होत, की वधूवरांनी एकमेकांचा चेहरा नीट पाहिला तो अंतरपाट दूर झाल्यावर. मध्ये पत्रिका, मध्यस्थ, मामा, एखादा फोटो, तोही कधी धाकट्या बहिणीचा. अशा समाजात चुकीचा माणूस बरोबर समजला जाणं हा नाटककाराचा चमत्कार राहत नाही, ती रोजची शक्यता होते. रवींद्रनाथांच्या ‘नौकाडुबी’त बुडालेल्या नावेतून वाचलेला नवरा दुसऱ्याच्याच नवरीला आपली समजून घरी आणतो, आणि वाचकाला ते अशक्य वाटत नाही. कारण तिचा चेहरा त्याने आधी पाहिलेलाच नसतो.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. ठरवून भेटायची परवानगी नसलेल्या तरुण मुलामुलीला भेटवायचं कसं, ही त्या काळच्या प्रत्येक पटकथाकाराची अडचण होती. नायिका घरंदाज हवी, म्हणजे तिने स्वतः होऊन परक्या पुरुषाशी बोलणं बरं दिसणार नाही. नायक सज्जन हवा, म्हणजे त्यानेही तिच्या दारात ताटकळणं शोभणार नाही. मग ती त्याला दुसराच कोणी समजते: वडिलांनी पाठवलेला मास्तर, गावाहून आलेला चुलतभाऊ, किंवा तोच तो ठरलेला वर. गैरसमजाच्या आडोशाने दोघं मनमोकळं बोलतात, भांडतात, गातात. शेवटी उलगडा होतो तेव्हा प्रेम जडून गेलेलं असतं आणि दोष कोणाच्याच माथी येत नाही, कारण झालं ते चुकून झालं. चुकीने नायिकेला बोलायची मुभा दिली आणि नायकाला निर्दोष ठेवलं. ज्या समाजात निवड करणं हा अपराध होता, त्याने निवडीला चुकीचे कपडे घालून पडद्यावर आणलं. हे पुस्तक ज्या चित्रपटांविषयी आहे त्यांचं मर्म मला यात दिसतं.

ही वर्षंही लक्षात घ्यावीत. मुलींसाठी चौदा आणि मुलांसाठी अठरा वर्षांची अट घालणारा बालविवाह प्रतिबंधक कायदा १९२९ चा. तो १ एप्रिल १९३० पासून अंमलात आला. (त्याला आपण शारदा कायदा म्हणतो आणि पुष्कळांना वाटतं, देवलांच्या ‘शारदे’वरून ते नाव पडलं. ते पडलं अजमेरच्या हरबिलास सारडांवरून. या विषयाच्या पुस्तकात हा घोटाळाही शोभून दिसेल.) लग्नाचं वय वर सरकलं, मुली शाळेत जास्त वर्षं राहू लागल्या, काही कॉलेजात दिसू लागल्या. त्यांना चुकून भेटायला आता ट्राम होती, वाचनालय होतं, आगगाडीचा डबा होता. पडद्यावरच्या घोटाळ्याला पहिल्यांदाच खरा पत्ता मिळाला.

आता आवाजाकडे येऊ. मूकपटात ओळखीचा घोटाळा करायचा तर सगळा भार चेहऱ्यावर आणि कपड्यांवर. दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके यांनी रामही केला आणि सीताही, १९१७ च्या प्रेक्षकाने दोघांनाही नमस्कार केला. १९२७ च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’मध्ये सुलोचनाने आठ सोंगं घेतली. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता आणि केळीवालीही. अशा करामती मूकपटातच शोभत, कारण पोलिसाने तोंड उघडलं तरी त्याचा आवाज ऐकू येणार नव्हता. १४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ लागला आणि हा सुखाचा काळ संपला. त्याची नायिका झुबेदाही सुरतेची. सुरतेला लागून असलेल्या सचिन संस्थानच्या नवाबाशी तिच्या घराण्याचं नाव जोडलं जातं, आणि तिची आई फातमा बेगम ही देशातली पहिली स्त्री दिग्दर्शिका. सुरतेचा बोलपटाशी संबंध असा पहिल्या दिवसापासूनचा आहे.

बोलपटाने सोंगं उघडी पाडली ती आधी पडद्यामागची. सुलोचना म्हणजे रुबी मायर्स, बगदादी ज्यू घरातली. माधुरी म्हणजे बेरिल क्लासेन. सीतादेवी म्हणजे रेनी स्मिथ. पोस्टरवर हिंदू नाव, घरात इंग्रजी बोली, आणि लाखो चाहत्यांना याचा पत्ताही नव्हता. ओळखीचा एवढा मोठा घोटाळा तर कोणत्याही पटकथेत नव्हता. मूकपटात तो खपला. माइक समोर आल्यावर हिंदुस्तानी उच्चारांनी बिंग फोडलं. सुलोचनाने काही काळ पडदा सोडून हिंदुस्तानी शिकून घेतली आणि मग १९३२ साली आपल्याच ‘माधुरी’ या मूकपटाची बोलकी आवृत्ती केली. पुष्कळ जणींना ते साधलं नाही.

पण विनोदकाराला आवाजाने एक नवी किल्लीही दिली. आता पडद्यावरच्या पात्राला जे कळत नाही ते प्रेक्षकाला ऐकू येऊ लागलं. दाराआडून येणारा आवाज, चुकीच्या माणसाला उद्देशून म्हटलेलं गाणं, बोलीवरून ओळखू येणारा नोकर जो साहेब बनून बसला आहे. गुजराती शेटजींची हिंदी, पारशी बावाजींची हिंदी, कोकणी गड्याची हिंदी: मुंबईच्या चाळीत रोज ऐकू येणारी ही सगळी मिसळ पडद्यावर आली आणि खुर्च्यांवरून दाद मिळू लागली. तंत्र मात्र ओबडधोबड होतं. माइक एका जागी, म्हणून नटही त्याच्या आसपास एका जागी. वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड कुठेतरी दडलेले, कारण गाणं तिथल्या तिथे गायचं आणि तिथल्या तिथे मुद्रित व्हायचं. बाहेरून आगगाडी गेली की चित्रण थांबायचं. विनोदाचा प्राण वेगात असतो, आणि वेग तर माइकने बांधून ठेवलेला.

त्यावर देसाईंनी काढलेला तोडगा हा त्यांचा मोठा गुण म्हणावा लागेल. त्यांनी दोन नट एकत्र आणले. एक मनोहर जनार्दन दीक्षित, नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे, अंगाने चांगलेच भरलेले. दुसरे नझीर महंमद घोरी, मुंबईचे, किडकिडीत. ‘चार चक्रम’पासून ही जोडी जमली आणि वृत्तपत्रांनी लगेच तिला हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी ठरवून टाकलं. तुलना सोपी होती, पूर्ण बरोबर नव्हती. लॉरेल आणि हार्डी यांचं हसू त्यांच्या पडण्याआपटण्यात आहे. दीक्षित-घोरींना बोलण्याची जोड होती, एकाच्या वाक्यावर दुसऱ्याचं वाक्य आपटण्याची. नट जागचा हलू शकत नसेल तर संवाद तरी हलवा, हा त्यामागचा हिशेब. नायक-नायिकेचा घोटाळा वर चालू असताना खाली या दोघांचा दुसरा घोटाळा चालायचा, आणि प्रेक्षक बहुतेक वेळा खालच्यासाठीच तिकीट काढायचा. सिन्नरचा ब्राह्मण, मुंबईचा घोरी, सुरतेचा दिग्दर्शक, जामनगरचा मालक आणि नायकाच्या जागी बहुधा खडकीत जन्मलेला पारशी ई. बिलिमोरिया: त्या स्टुडिओत कोणी कोणाला जात विचारायला वेळ नव्हता. दीक्षित १९४९ साली, त्रेचाळीशीही न गाठता गेले. घोरी फाळणीनंतर पाकिस्तानात गेले आणि १९७७ साली कराचीत वारले. जोडीतला एक मराठी होता, हे आज महाराष्ट्रात फारच थोड्यांच्या ध्यानात आहे.

यात आपल्या मराठी इतिहासलेखनाचाही दोष आहे. बोलपटाच्या पहिल्या दशकाविषयी आपण लिहितो तेव्हा ‘अयोध्येचा राजा’पासून निघून ‘संत तुकाराम’ला पोचतो, वाटेत प्रभातची तुतारी ऐकतो, आणि विनोदाची गोष्ट निघालीच तर १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’पाशी थांबतो. ‘ब्रह्मचारी’ थांबण्यासारखा आहेच. अत्र्यांच्या लेखणीत आणि मास्टर विनायकांच्या हातात विनोदाला लक्ष्य होतं: ढोंग, व्रतांचं वेड, मोठ्या आवाजातलं देशकार्य. रणजितच्या विनोदाला असं लक्ष्य नव्हतं. त्याला प्रसंग पुरत होता. म्हणून त्याला बाजारू म्हणून बाजूला सारलं गेलं. मलाही अत्र्यांचं पारडं जड वाटतं, यात शंका नाही. पण अत्रे-विनायकांना हसायला तयार असलेला प्रेक्षक आयता मिळाला, तो आधीच्या सहा वर्षांत कोणीतरी तयार केला होता, एवढं तरी मान्य करायला हवं. जयंत देसाईंनीही पुढे विनोद जवळजवळ सोडला. १९४३ साली सैगल आणि खुर्शीद यांना घेऊन केलेला ‘तानसेन’ आणि १९५० चा ‘हर हर महादेव’ यांनी त्यांचं नाव टिकवलं. १९७६ साली ते वारले तेव्हा त्यांना भक्तिपटांचे आणि ऐतिहासिक चित्रपटांचे दिग्दर्शक म्हणून आठवलं गेलं. हेही एक प्रकारे ओळख चुकणंच.

घोटाळ्याची गोष्ट मात्र संपली नाही. मराठी रंगभूमीवर ‘मोरूची मावशी’ आणि ‘झोपी गेलेला जागा झाला’ आली. पडद्यावर १९८८ साली ‘अशी ही बनवाबनवी’ आला, जो आजही टीव्हीवर लागला की घरातली कामं थांबतात. आणि हिंदीत, विद्यासागरांनी जिला हात घातला होता तीच ‘कॉमेडी ऑफ एरर्स’ १९८२ साली गुलजारांनी ‘अंगूर’ म्हणून केली. दोन अशोक, दोन बहादूर, एक गाव आणि एक दिवस. यात गाण्यांनी चाकं थांबत नाहीत आणि कोणी खुर्चीवरून घसरत नाही. सगळा विनोद न हसणाऱ्या चेहऱ्याचा आहे. तो चेहरा संजीवकुमारांचा, म्हणजे हरिभाई जरीवाला यांचा. जन्म सुरत, १९३८. ‘भूल भुलैयां’नंतर अर्धशतकाने याच गावच्या माणसाने या प्रकारातला आपला सर्वांत नेमका चित्रपट दिला. याला योगायोग म्हणा. मी त्याला जास्त अर्थ चिकटवणार नाही. पण शहराच्या खात्यावर तो जमा करायला हरकत नसावी. त्याच चित्रपटात दोन्ही बहादूर झालेले देवेन वर्मा पुण्यात शिकले होते, एवढी आपलीही नोंद करून ठेवतो.

आता अडचणीची गोष्ट. १९३३ चा ‘भूल भुलैयां’ आज आपल्याला पडद्यावर पाहता येत नाही, आणि रणजितच्या त्या वर्षांतल्या बहुतेक चित्रपटांची कथा हीच आहे. खुद्द ‘आलम आरा’चीही प्रत उरलेली नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची. उष्णतेने कुजणारी आणि ठिणगीने पेटणारी. चित्रपट उतरला की त्याच्या प्रती भंगारात जायच्या, कारण त्यांत चांदी होती आणि विनोदाला दुसऱ्यांदा कोणी विचारत नव्हतं. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. तोवर बरंच काही गेलं होतं. म्हणून पुढच्या प्रकरणांत जे आहे ते मुख्यतः कागदावरून उभं केलेलं आहे: जाहिराती, नामावल्या, हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी कानपुरात बसून आयुष्यभर जमवलेला गीतकोश, आणि थिएटरच्या दारात विकल्या जाणाऱ्या गाण्यांच्या पुस्तिका. त्या पुस्तिकांत कथा अर्ध्यावर सोडून, पुढचं पडद्यावर पाहा, असं सांगण्याची रीत होती. वाचकाला याचा राग यावा, हे साहजिक आहे.

तेव्हा वाचकांना एक विनंती. गिरगाव, दादर, बडोदा, सिन्नर इथल्या जुन्या घरांत, आणि सुरतेत लिंबायत-उधन्याला तीन पिढ्यांपासून राहणाऱ्या आपल्या खानदेशी मंडळींच्या पेट्यांतही, अशा पुस्तिका, थिएटरची पत्रकं किंवा दीक्षित-घोरींचा एखादा फोटो अजून असण्याचा संभव आहे. माळा साफ करताना तो कागद रद्दीत घालू नका. पुण्याच्या संग्रहालयाला कळवा. मूळ कागद द्यायचा नसेल तर निदान त्याची स्वच्छ छायाप्रत द्या, आणि मागच्या बाजूला गाव व साल लिहायला विसरू नका.